झाकणमावशी

पाळणाघरातल्या मावशीचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच ते सुखात होतं. सगळे तिला झाकणमावशी म्हणत. तिच्या ॲप्रनच्या खिशात कायम स्टीलची दोन झाकणं खुळखुळायची. नवं बाळ आलं की ही त्याच्यासमोर फतकल मारून बसणार, लाकडी चमचा झाकणाखाली सरकवणार आणि हात झटकून विचारणार, "कुठं गेला रे?"

पाच महिन्यांचं बाळ चमचा दिसेनासा झाला की खुशाल मान फिरवायचं. दिसत नाही ना? मग नाहीच! आठव्या-नवव्या महिन्यात तेच बाळ झाकण उचकटायला लागायचं. पण खरी गंमत त्यापुढे. चमचा चारदा डाव्या झाकणाखाली सापडला, की मग त्याच्या डोळ्यांदेखत उजव्याखाली ठेवा, पठ्ठ्या डावंच उचलणार! खाली रिकामी जमीन बघून मावशीकडे असा बघणार, की जणू हिनंच चोरला. "अरे शहाण्या, समोर तर ठेवला!" म्हणत मावशी हसून हसून बेजार व्हायची. वीस वर्षं झाली तरी तिला त्याचा कंटाळा नव्हता.

एका बाबतीत मात्र ती हसायची नाही. आईनं बाळाचा डोळा चुकवून सटकायचं नाही, हा तिचा नियम. सांगून जायचं, मग मूल रडो की आकांत करो. आया नाकं मुरडायच्या, पण मावशीच्या तोंडाला कोण लागणार?

नऊ महिन्यांची ठमी आधी कुणाच्याही कडेवर हसत जायची. आता आठवडाभर मात्र आईच्या गळ्याला अशी मिठी मारायची, की सोडवता सोडवता दोघींच्या डोळ्यांत पाणी. आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नुकती पुन्हा रुजू झालेली. रोज उशीर, रोज बोलणी, आणि कानात दिवसभर लेकीचं रडणं. शेवटी तिनं युक्ती काढली. मावशी आत दुसऱ्या बाळाचे कपडे बदलत असताना ती पडद्यामागं लपायची, "बुवाऽकुक!" करायची. ठमी खिदळायची. असं चार-पाचदा झालं, की पडद्यामागच्या दारानं आई पसार. रडणं नाही, काही नाही.

तिसऱ्या दिवशी मावशीच्या लक्षात आलं. ठमी रांगत पडद्याकडे जात होती, पडदा ओढत होती, मागची रिकामी जागा बघत होती. परत येऊन बसायची, दोन मिनिटांनी पुन्हा पडदा. भरवायला घेतलं तर तोंड मिटलेलं, नजर पडद्यावर. असं किती वेळा झालं ते मावशीनं मोजलं नाही, तिच्यानं ते बघवेना.

संध्याकाळी आई हसतच आली. "आज रडली नाही ना? बघा मावशी! नाहीतर राजीनामा लिहून ठेवलाय मी. पुन्हा रडायला लागली, की देऊन मोकळी होणार."

"बस इथं," मावशी म्हणाली. "रडली नाही. दिवसभर तुला शोधत होती."

आईचं हसू विरलं.

"अगं वेडे, ठमी शहाणी झालीय म्हणून रडते. आई दिसली नाही तरी कुठंतरी असते, हे कळलंय तिला. पण तू जाताना तिनं पाहिलंच नाही, तर तिनं शोधायचं तरी कुठं? जिथं सापडली होतीस तिथंच शोधणार ना?"

"पण तिचं रडणं मला सोसत नाही हो, मावशी."

मावशीनं खिशातली झाकणं मुठीत धरली. "मलाही सोसायचं नाही. म्हणून माझ्या लेकीला खेळात गुंतवून पळायचे मी, कामावर. चांगली तीन वर्षं. आज ती दोन पोरांची आई आहे. तिच्याकडे राहायला गेले ना, की मी नुसती आंघोळीला गेले तरी बाहेरून हाक मारते, 'आई, आहेस ना?'"

दुसऱ्या दिवशी आईनं ठमीला कडेवर घेतलं, पुढच्या दारात उभं राहून म्हणाली, "मी जाते आणि संध्याकाळी येते." ठमीनं जो भोंगा सुरू केला, तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला असेल. तिला मावशीकडे देऊन आई रडत पायऱ्या उतरली, पण उतरली.

अकराला तिचा फोन. "मावशी, अजून शोधतेय का हो?"

मावशीनं वळून पाहिलं. ठमी त्याच पुढच्या दाराकडे तोंड करून बसली होती, हातातला बिस्किटाचा तुकडा चघळत.

"नाही गं. वाट बघतेय."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग आई म्हणाली, "सहाला येते म्हणून सांगा तिला."

मावशीनं फोन ठेवला आणि खरंच जाऊन सांगितलं.