व्याह्यांचे गुलाब

आमच्या डोंबिवलीच्या व्याह्यांइतका सरकारवर विश्वास असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. सरकार आपला शब्द न् शब्द ऐकतं, अशी त्यांची अढळ श्रद्धा. मी कोपरीहून फोन केला की ते आधी मला नमस्कार करत आणि मग म्हणत, "ऐकणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. चहा झाला का तुमचा?" फोनच्या कॅमेऱ्यावर त्यांनी विहीणबाईंची टिकली चिकटवलेली असे. ती काढायला विसरून त्यांनी नातवाच्या बारशाचे सगळे फोटो काढले. अल्बमभर नुसता अंधार! वर अभिमानाने म्हणाले, "बघा, पोराला कुणाची नजर लागायची सोय नाही."

एवढा जपून वागणारा माणूस गप्प बसेल म्हणावं, तर तेही नाही. त्यांच्या घरामागून नाला जातो आणि वरच्या कारखान्यांच्या कृपेने त्याला रोज नवा रंग असतो. व्याही सकाळी गच्चीवर जात, टिकली काढून फोटो घेत आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकत, "आज हिरवा. वास कालचाच." लोक हसत, खोकत आणि पुढे पाठवत. एक दिवस ते पान उघडेना. 'आदेशानुसार बंद', एवढंच. कुणाचा आदेश, कशासाठी, काही नाही. पाठोपाठ दोन पोलीस 'सहज' चौकशीला आले. व्याह्यांनी त्यांना पोहे दिले आणि उत्सुकतेने विचारलं, "माझा आवाज ओळखलात का हो?" त्यातला एक जण नाकाला रुमाल लावत म्हणाला, "काका, वास आम्हालाही येतो. पण लिहायचं कशाला?"

सरकारचं काम तेवढंच. बाकीचं आम्ही घरच्यांनी केलं आणि सरकारपेक्षा चोख केलं. जावयांची नोकरी होती, नातवाची शाळा होती. नवं पान काढायचं नाही, अशी जावयांनी ताकीद दिली. माझी लेक "अप्पा, दाखवा बघू" म्हणत रोज त्यांचा फोन तपासू लागली. मीही जाऊन चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून आलो. व्याही एवढंच म्हणाले, "बरं. शुभ सकाळ तरी पाठवू ना?" त्याला कोण नाही म्हणणार?

मग रोज सकाळी मला त्यांचा गुलाब येऊ लागला. एकदा हिरवा आला, दुसऱ्या दिवशी निळा. मी फोन केला, "अहो, निळा गुलाब असतो तरी कुठे?" साहेबांना नमस्कार घालून झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या घरामागे." मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या दिवसापासून कोपरीत बसून मला तो नाला रोज दिसायला लागला.

हल्ली मात्र रोज गुलाबीच येतो. मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, अप्पांचा फोन आता तुमच्या जावयाकडेच असतो ना. सकाळचे मेसेज हाच टाकतो, सगळ्यांना एकदम."

"आणि अप्पा?"

"ते असतात गच्चीवर. नुसते बघत बसतात."

मला फार वाईट वाटलं. आज कुठला रंग आहे, एवढं त्यांना विचारून सांग, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण फोनवर असलं कसं विचारणार?