छताला शिव्या देणारा रंगारी

साठच्या दशकात पालघरला आमच्याकडे वाणगावचा एक रंगारी यायचा. खरवडणी एकदा फिरवायची आणि आधीच्या रंगाऱ्याला एक शिवी हासडायची, ही त्याची कामाची पद्धत. त्या वर्षी ताटात खपल्या पडू लागल्या म्हणून छत खरवडायला काढलं.

"रंगात भुसा घातलाय! कोन शाना होता ह्यो?"

खाली शिडी धरून मी म्हणालो, "असेल कोणी गाढव."

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "तोच शिडी धरून उभा आहे."

रंगारी हसला नाही. पुढं एकही शिवी न देता त्यानं सगळं छत खरवडलं, फक्त दारावरचा हातभर तुकडा ठेवला. बायकोनं बोट दाखवल्यावर म्हणाला, "राहू दे वैनी. तेवढा लय घट्ट हाय, निघत नाय."

तो गेल्यावर मी स्टुलावर चढून तिथं नख लावलं. खपली अलगद हातात आली.