अर्धी दाढी आणि अंदमान

सेनगावला मी ज्याच्याकडे दाढी करतो, त्याने समुद्र कधी पाहिलेला नाही. तरी अंदमानचा तुरुंग तो वर्षानुवर्षं सांगत आलाय. गालावरचा वस्तरा थांबवून, शेजारी कोणी झोपलं असावं अशा आवाजात: “प्रत्येकाला येगळी कोठडी. दाराम्होरं दुसऱ्या कोठड्यायची पाठ. माणसाचं तोंड म्हणून दिसायचं न्हाई.” बाकावरची माणसं तंबाखू मळायची थांबतात.

यंदा मी अंदमान पाहून आलो आणि तोंडाला साबण लागलेला असतानाच अक्कल पाजळली. “तुरुंग कसला, बागच आहे ती. पाणी निळंशार. कोठडीत उभं राहून फोटो काढले आम्ही.”

बाकावर कोणीतरी हसलं. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

“दार लावून घेतलं व्हतं का, सर?”

“नाही.”

त्याने शांतपणे जाऊन शटर खाली ओढलं. भर दुपारी दुकानात अंधार झाला. वरच्या एका भोकातून उजेडाची काडी तेवढी आत आली. शेजारच्याचं तोंड दिसेना. बाहेरून एसटी गेली, ती लाटेसारखी लांबून आली, फुटली, ओसरली. किती वेळ गेला, कळलं नाही.

शटर वर गेलं, तेव्हा माझ्या गालावरचा साबण वाळला होता.

“मंग सर, खरं कोणाचं?” बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारलं.

“यांचं,” मी म्हणालो.

त्याने नवा फेस केला आणि माझ्या तोंडाला, ओठांसकट, भरपूर लावला.