सुधीरकाकांची चिनी पाकोळी

प्रतापने समोरचा पतंग काटला आणि आपण जर्मनीत आहोत हे विसरून "वकाऽऽट!" अशी आरोळी ठोकली. येवल्याचा गडी, आभाळात दुसरा पतंग दिसला की हात चालणारच. २००७च्या ऑक्टोबरातल्या त्या रविवारी आसारीवर गुंडाळलेला मांजा आणि पतंग घेऊन तो वोल्फ्सबुर्गच्या तळ्यावर आला होता, कारण रविवारी त्या गावात तळं सोडून काहीच उघडं नसतं. इथले लोक पतंग नुसता बघायला उडवतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुटलेला पतंग, पाकोळीच्या आकाराचा, डोलत डोलत तळ्यापार गेला.

"गाढवा!" मागून आवाज आला. चक्क मराठीत.

ते सुधीर आपटे. बहात्तर साली इथल्या मोटार कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले, इथल्याच इंग्रिडशी लग्न केलं. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगी शमिका बर्लिनला. फोनवर बाप मराठीत बोले, लेक जर्मनमध्ये उत्तर देई, आणि दहा मिनिटांत दोन्ही भाषा संपत.

"सॉरी काका. नवा आणून देतो."

"कुठून, येवल्याहून? आरोळीवरूनच ओळखलं तुला. चीनचा होता तो. चल, कॉफी घे. ओरडायलाही कुणी लागतं माणसाला."

घरी काकांनी दोन कप काढले. दुसऱ्यावर धूळ होती, तो धुतला.

"इंग्रिडनं जन्मभर कन्फ्यूशियस वाचला. आजारी पडल्यावर म्हणाली, त्याचं गाव दाखव. छुफूला गेलो. जुनाट सुरूची झाडं, मधे समाधी. ती गप्प उभी. मी आपला चपला काढून प्रदक्षिणा घातली. हसली. म्हणाली, 'गेनाऊ, अगदी बरोबर, आता तो आपल्या घरचा झाला.'"

"आणि पतंग?"

"तिथून वेईफांगला. पतंग करणाऱ्यांचं गाव. यांग नावाच्या म्हाताऱ्यानं बांबू तासून, कागद रंगवून पाकोळी दिली. म्हणाला, छिंगमिंगच्या सणाला उंच चढवा आणि दोरा कापा. आजार त्याच्याबरोबर जातो. इंग्रिडनं कात्री मागितली. मी दिली नाही."

"का?"

"इतका देखणा पतंग! आणि मी पडलो कारखान्यातला माणूस. दोरा कापून कसला आजार जातोय? एप्रिलची गोष्ट. सप्टेंबरात ती गेली."

"कापला असता तरी..."

"ते कळतं रे मला. पण तिनं मागितली होती." काकांनी जाकिटातून कात्री काढून टेबलावर ठेवली. "दर रविवारी खिशात घेऊन जायचो. हात होत नव्हता. तू तर विचारलंसही नाहीस."

प्रतापने आपला कप कात्रीपासून बाजूला सरकवला.

"वाईट झालं म्हणवत नाही," काका म्हणाले. मग खणातून एक फोटो काढला: इंग्रिडच्या हातात दोरा, वर पाकोळी. "यांगला पाठवतो म्हणून कबूल केलं होतं. दोरा कापला का, असं त्यानं विचारलं तर काय लिहू, म्हणून राहिलं. आता लिहिता येईल."

पुढच्या रविवारी प्रताप गेला तेव्हा पाकिटावर चिनी पत्ता उतरवला होता, पट्टी-पेन्सिलीने, नकाशासारखा. पत्राच्या कागदावर मात्र फक्त तारीख.

"दोरा कापला, एवढंच लिहा की."

"मग पुढे तो तिची तब्येत विचारेल."

नोव्हेंबर संपला. यांगला पाठवायचा फोटो अजून टेबलावरच होता.