नकाशाबाईंचा दक्षिण दरवाजा

नकाशाबाई घरी आलेल्या माणसाला आधी पाणी देत नसत. आमच्या कोल्हापुरात हा गुन्हाच. माणूस उंबऱ्यावर असतानाच त्या विचारत, "कोण व्हायचंय?" उत्तर मिळेपर्यंत तांब्या हलायचा नाही. उत्तर मिळालं की पाणी, गुळाचा खडा आणि बारा चिंचोके.

त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण त्यांनी स्वतःच ते वापरणं सोडलं होतं, म्हणून इथे लिहीत नाही. मंगळवार पेठेत थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत त्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. पूर्वी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. एकदा त्यांनी सातवीच्या वर्गाला नसलेल्या देशाचा नकाशा काढायला लावला. नदी कुठून निघेल, घाट कुठून जाईल, बाजार कुठे भरेल, सगळं कारणासकट. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, नसलेला देश शिकवायला सरकार पगार देत नाही. बाईंनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. "पगार ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," त्या म्हणाल्या, "देश माझा हाय, तो मी घिऊन चालले."

त्या देशाचं नाव सातखोर. जुन्या कॅलेंडरांची अकरा पानं पाठीमागच्या कोऱ्या बाजूने खळीने चिकटवून केलेला त्याचा नकाशा त्यांच्या भिंतीवर होता. त्यात सात दऱ्या, एक किल्ला, बोलणाऱ्या झाडांचं एक रान आणि कोणीच न पाहिलेलं एक सरोवर होतं. या देशात तेवीस माणसं वावरत, ती सगळी टपालाने. प्रत्येकाने महिन्याच्या पाच तारखेच्या आत एक पोस्टकार्ड टाकायचं आणि आपण सातखोरात या महिन्यात काय करणार ते लिहायचं. बाई सगळी कार्डं एकत्र वाचत, सहा कवड्या टाकून कोणाचं जमलं आणि कोणाचं फसलं ते ठरवत आणि पंधरा तारखेला प्रत्येकाला उलट कार्ड पाठवत. इचलकरंजीच्या एका मागावाल्याने पूल जाळला की शिरोलीतला मोल्डर नदीच्या अलीकडे अडकून पडायचा. दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नसायचं.

हा शिरोलीतला मोल्डर म्हणजे माझा मामेभाऊ दत्ता. फौंड्रीत साच्यांशी झटणारा आडदांड गडी, पण सातखोरात यक्षिणी होता. मी हसलो तर म्हणाला, "दिवसभर भट्टीफुडं भाजून निघाल्यावर जरा नाजूक व्हावं वाटतं रं. तुला न्हाय कळायचं." त्यानेच मला एका रविवारी बाईंकडे नेलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, कागलला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. पावसाचे आणि पिकांचे आकडे तक्त्यात भरायचे, हे माझं काम.

"कोण व्हायचंय, पावणं?"

"मी कारकून आहे," मी म्हणालो.

"ते झालासा की. आता कोण व्हायचंय ते बोला."

मी म्हणालो, कोणकोण होता येतं आणि प्रत्येकाला काय काय करता येतं, याची यादी असेल तर बघून सांगतो. बाईंनी खरंच यादी दिली. मग बारा चिंचोके दिले आणि पाटावर खडूने चार खण आखले. बळ, चपळाई, अक्कल, नशीब. चिंचोके आपल्या मनाने वाटायचे. मी क्षणाचाही विचार न करता प्रत्येक खणात तीन ठेवले. बाईंनी पाट आपल्याकडे ओढला.

"असा माणूस लढत न्हाय, पळत न्हाय आन् पडत बी न्हाय," त्या म्हणाल्या. "असा माणूस रेशनच्या रांगंत हुबा ऱ्हातो. उचला ते. एका तरी खणात शून्य ठेवायची छाती करा."

शून्य ठेवायला मला पाऊण तास लागला. दत्ता तोवर अंगणात जाऊन दोन विड्या ओढून आला. शेवटी बळ शून्य, चपळाई पाच, अक्कल पाच, नशीब दोन असा हिशेब झाला आणि मी चोर झालो. माझ्या हातून कचेरीची टाचणीसुद्धा कधी घरी आलेली नाही. कदाचित म्हणूनच.

कवड्यांबद्दल माझी एक शंका होती. त्या सहांपैकी एक कवडी घासलेली होती आणि ती हमखास उताणी पडायची. मी चाळीस वेळा टाकून पाहिलं आणि बाईंना सांगितलं. "ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पर ती सगळ्यांनाच मिळती न्हवं? एवढी दया देवानं बी ठेवलीया." हे त्यांचं न्यायाचं गणित. दया होती, पण सगळ्यांना सारखी आणि एका कवडीपुरतीच. कोणाचं पात्र मेलं की मेलं. रडगाणं लिहून आलं तर त्यांचं कार्ड जायचं, 'नवे नाव घेऊन परत यावे. येथे कोणी जिवंत केले जात नाही.' बोलायच्या कोल्हापुरी, पण कार्ड मात्र शाळेतल्या फळ्यासारखं लिहायच्या.

माझं पहिलं कार्ड मी तीन वेळा कच्चं लिहिलं. किल्ल्याचा किल्लेदार दर गुरुवारी शिकारीला जातो, हे बाईंनीच कळवलेलं होतं. मी लिहिलं, 'गुरुवारी किल्लेदार बाहेर पडला की दक्षिण दरवाजाने आत येतो. दार उघडे ठेवावे. कोणास कळू देऊ नये.' शब्द मोजले, शुद्धलेखन तपासलं. कार्डाच्या माथ्यावर 'सातखोर' आणि आपलं खेळातलं नाव लिहायचं, हा बाईंचा पहिला नियम होता. तो नेमका विसरलो. शिवाय कचेरीच्या सवयीने खाली लिहिलं, 'आपला विश्वासू'.

पोस्टकार्ड पोस्टमनच्या हातातून जातं, वाटेत भेटेल त्याच्या नजरेखालून जातं आणि घरातल्या ज्याच्या हाती पडेल तो आधी वाचतो. हे बाईंच्या थोरल्या भावाच्या, दादांच्या हाती पडलं. दादांचं कापडाचं दुकान होतं आणि ते दर गुरुवारी माल आणायला इचलकरंजीला जात. बाईंच्या खोलीचं मागचं दार दक्षिणेला होतं. एवढं सगळं जुळून आल्यावर पेठेला आणखी काय लागतं!

दादा त्या गुरुवारी इचलकरंजीला गेले नाहीत. मागच्या दारासमोर खुर्ची टाकून दिवसभर बसले. कोणी आलं नाही. मग त्यांनी कार्डावरचा कागलचा शिक्का पाहिला आणि कागलच्या कारकुनाला घरी आणणाऱ्या दत्ताला गाठलं. रविवारी दत्ता मला घेऊन गेला तेव्हा अंगणात पंधरा-वीस माणसं होती. पोस्टमन होता, शेजारच्या शांताकाकू होत्या, तालमीतले दोन पैलवानही कशाला तरी येऊन उभे होते.

"ह्योच का गुरुवारचा?" दादांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. चूक माझी, वरची ओळ राहिली, मी खेळ सोडतो, कार्ड पाठवणार नाही, असंही म्हणालो. माझी नोकरी नवी होती आणि मी घाबरलेलो होतो.

दादांनी माझ्याकडे पाठ फिरवली. ते बहिणीला म्हणाले, "तेवीस परकी माणसं तुला कार्डं धाडत्यात. पेठ हसतीया. एक तर ही कार्डं बंद, न्हायतर ही खोली रिकामी कर."

बाई आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी कार्डांनी भरलेलं पोतं फरफटत बाहेर आणलं आणि दादांच्या पायाशी ओतलं. मग दत्ताला हाताशी घेऊन त्यांनी नकाशा भिंतीवरून काढला आणि अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर टाकला.

"वाचा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी वाचा. लपवायचं आस्तं तर पाकिटातनं मागवलं आस्तं. मी उघड्या कार्डावर मागवते, कारण ह्यात झाकण्यासारखं काय बी न्हाय. अहो पोस्टमन, तुम्ही तर रोज वाचतासा. सांगा की ह्यास्नी."

पोस्टमन दादांकडे बघत चाचरत म्हणाला, "खरं हाय, दादा. गेल्या महिन्यात त्या यक्षिणीनं सरोवर गाठलंय बघा." आणि दत्ता लाजला.

तेवढ्यात बाईंनी कवड्या काढल्या. "ह्या पावण्याची खेळी बाकी हाय," त्या म्हणाल्या. "चार उताण्या पडल्या तर चोर आत गेला. कमी पडल्या तर धरला." सगळं अंगण पुढे सरकलं. पैलवानही वाकले. कवड्या फरशीवर पडल्या. मी सवयीने मोजल्या. घासलेली धरून तीन.

"धरला," बाई म्हणाल्या. "बळ शून्य, म्हंजे झटापट बी करता याची न्हाय. उजवा हात तोडला."

"अगं बाई, पहिल्याच खेपेला!" शांताकाकू कळवळल्या. "एकदा सोडा की त्याला."

"कशापायी? भीती वाटतीया म्हणून?" बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "आणि ऐका, चोर. उजवा हात गेलाय. आता फुडची कार्डं डाव्या हातानं लिहायची. खेळ सोडणार असशीला तर ते बी डाव्याच हातानं लिहून कळवा."

अंगणात हशा झाला. दादा हसले नाहीत. ते म्हणाले, "महिनाअखेर." बाई म्हणाल्या, "त्याच्या आधीच."

आणि त्या खरंच बाहेर पडल्या. एका आठवड्यात पिठाच्या गिरणीवरची एक खोली भाड्याने घेतली. दिवसभर खालून पट्ट्याची फडफड ऐकू यायची आणि पांढरी पूड जिन्यातून वर यायची. भावाच्या घरात पन्नास वर्षं काढलेली बाई गिरणीच्या धुरळ्यात मुलांच्या शिकवण्या घेत राहिली, पण एक कार्ड चुकवलं नाही. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती, 'सातखोर. दक्षिण दरवाजा. उघडा आहे.' मी एकदा सुचवलं, निदान यापुढे अंतर्देशीय पत्रं वापरू, घडी बंद असते. त्यांनी माझ्यासमोरचा गूळ उचलून परत डब्यात ठेवला.

बाई असेपर्यंत दादा कधी तिथे आले नाहीत. शांताकाकू मात्र पहिल्याच महिन्यात जिना चढून आल्या. "मला राक्षसीण व्हायचंय," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना सांगितलं तरी चालंल."

मी खेळ सोडला नाही. पहिलं डाव्या हाताचं कार्ड लिहायला मला एक पूर्ण रविवार लागला आणि ते वाचायला बाईंना, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, दोन. अकरा वर्षं मी तसं लिहिलं. मधल्या काळात माझं लग्न झालं, दोन मुली झाल्या. बदल्या दोनदा झाल्या, एक बदली तर मी साहेबांना हवा तसा पावसाचा आकडा भरायला नकार दिला म्हणून. तो नकारही मी लेखी दिला, पाकिटात न घालता. साहेबांनी कागद उलटून बघत विचारलं, अक्षर असं काय? मी म्हणालो, याच हाताला जरा छाती आहे.

बाई गेल्या त्या एका महिन्याच्या दोन तारखेला. आजारी होत्या हे कोणाला कळवलं नव्हतं. पाच तारखेपर्यंत गिरणीवर एकवीस कार्डं आली, कारण लांबच्यांना काही माहीतच नव्हतं. दादा काठी टेकत तो जिना चढून आले. नकाशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या रद्दीचं काय करायचं?"

"ही रद्दी नाही," मी म्हणालो. "पंधरा तारखेला उत्तरं जायची आहेत."

ती उत्तरं मी लिहून पाठवली. नकाशा, चिंचोके, सहा कवड्या मी घरी आणल्या. पाटी जुनी झाली होती, म्हणून नवी रंगवली, डाव्या हाताने, अक्षरं जरा कललेली. आमच्या घराचं दार पूर्वेला आहे. आल्यागेल्याने हे दाखवून दिलं आहे, दक्षिण लिहू नये, अशुभ असतं, असंही सांगितलं आहे. चुकीचा आकडा मला रात्रभर झोपू देत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पाटी तशीच आहे. सांगणाऱ्याचं मी उंबऱ्यावर शांतपणे ऐकून घेतो आणि ते संपलं की, पाणी देण्याआधी, विचारतो, "ते असू द्या. कोण व्हायचंय?"