नॉर्मल कंबर

बीडच्या एका एमआरआय सेंटरमधला तो टेक्निशियन चहाच्या टपरीवरही माइकमधून बोलावं तसा ओरडतो, "हलू नका! श्वास रोखा!" टपरीवाला किटली हातात धरून खरंच थांबतो.

माझी कंबर धरल्यापासून त्याची नेहमी गाठ पडते. सेंटरच्या डॉक्टरांचं संशोधन चालू आहे. मणक्यांमधल्या गादीत पाणी किती आहे ते मशीनवर मोजायचं, निरोगी कंबरेशी ताडायचं आणि दुखणं ओळखायचं. निरोगी माणसं शोधायचं काम याच्याकडे आलं. धारूरपासून सिरसाळ्यापर्यंत तो हिंडला. ज्याला विचारावं तो कंबरेवर हात ठेवूनच बोलायला लागायचा.

"न दुखणारी कंबर मी कुठून आणू? आख्खा जिल्हा ऊस तोडून आलाय," असं म्हणत एकदा त्यानं माझ्यासमोरच शर्ट वर केला, कंबरदुखीचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि कण्हत कण्हत मशीनमध्ये जाऊन झोपला. बाहेर आल्यावर त्यानं फॉर्म भरला: निरोगी, नंबर सात. सहाही तोच होता. मी पट्टा परत दिला.

परवा त्याच मशीनवरचा माझा रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल! मी भडकलो. "आरं, नॉर्मल कावून? मला वाकता येत न्हाई!"

त्यानं रिपोर्ट नीट वाचला आणि समाधानानं मान डोलावली. "बरोबर हाय की. मला तरी कुठं वाकता येतंय?"