नदीकाठी अडकलेला जादूगार

मंडळी, आपल्या लेखनगटाच्या फिरत्या वहीत आज माझी पाळी नाही, तरी लिहितेय. राहवत नाहीये.

वरच्या मजल्यावरच्या मीनूच्या बाबांची कोलकात्याहून नागपूरला बदली झालीय. मीनू दहा वर्षांची. बंगाली फाडफाड, मराठी अडखळत. म्हणून तिची आई महिनाभर रोज संध्याकाळी तिला माझ्याकडे पाठवायची. मी एका छोट्या जादूगाराचं इंग्रजी पुस्तक तिला मराठीत सांगायचे.

आज त्यांचं सामान बांधून झाल्यावर मी पुस्तक तिच्या हातात ठेवलं. "उरलेलं गाडीत वाच."

"ताई, हे मी केव्हाच वाचलं. शाळेच्या लायब्ररीत आहे."

मी गारच पडले. दुसऱ्या प्रकरणानंतर मी पुस्तक उघडलंच नव्हतं, सगळं मनाने रचत होते.

"यातला मुलगा डोंगरावर जातो," ती म्हणाली. "तुझा इथे बजबजच्या घाटावर गंगेत पाय सोडून बसलाय. बोटींना हाका मारतो, एकही वळत नाही. त्याची जादू कधी येणार?"

"मला माहीत नाही गं."

"मग पत्रात लिही. मराठीत."

"तुला वाचता कुठे येतं?" तिची आई हसली.

"शिकेन ना! तोपर्यंत ताईचं पण ठरेल."

टॅक्सी गेली. मी दुपारभर खिडकीत बसून माझ्या गोष्टीतल्या त्या मुलाकडे बघतेय. माझ्या गोष्टींना शेवट नसतो तो मुद्दाम, असं मी तुम्हाला आजवर सांगत आले. खरं म्हणजे मला शेवटाची भीती वाटते.

सांगा ना, त्याच्या हाकेने पहिली बोट वळेल, तेव्हा तो हसेल की घाबरेल?